चार मेरींपैकी फाशी एकीलाही झाली नाही

स्कॉटलंडच्या 'मेरी हॅमिल्टन' या जुन्या गाण्याबद्दल एक पोस्ट फिरतेय. म्हणे ही मेरी म्हणजे सोळाव्या शतकातली स्कॉटलंडची राणी मेरी क्वीन ऑफ स्कॉट्स हिच्या चार मेरी नावाच्या सख्यांपैकी एक, राणीच्या नवऱ्यापासून, डार्न्लीपासून तिला दिवस गेले, तिने बाळ मारलं आणि एडिनबरोत फाशी जाताना गाण्यातले शब्द स्वतः म्हणाली. वर इतिहासकारांनी हे दडपलं म्हणे!

चार मेरी होत्या, हे खरंय. पण त्या सीटन, बीटन, फ्लेमिंग आणि लिव्हिंगस्टन. त्यात हॅमिल्टन नाहीच. तिघींची लग्नं झाली, सीटन अविवाहित राहिली आणि शेवटी फ्रान्सात मठात गेली.

डार्न्लीचं तर सालच जुळत नाही. दरबारात बाळ मारल्याचं खरं प्रकरण १५६३ चं आहे, राणीच्या खोलीत कामाला असलेली एक फ्रेंच बाई आणि राणीचा औषधं बनवणारा माणूस, दोघंही फासावर गेले. डार्न्ली स्कॉटलंडात आला १५६५ मध्ये. आणि दडपलं कुठे? त्या काळचा प्रोटेस्टंट धर्मोपदेशक जॉन नॉक्सने हे प्रकरण स्वतः लिहून ठेवलंय, तो राणीचा कट्टर विरोधक, चार मेरींपैकी एक सापडली असती तर त्याने सोडलं असतं का?

मग कमेंटमधले हुशार लोक म्हणतात, हे रशियातलं आहे. तिथे १७१९ साली पीटर द ग्रेटच्या दरबारातल्या स्कॉटिश वंशाच्या मेरी हॅमिल्टनचा बाळ मारल्याबद्दल शिरच्छेद झाला. नाव, गुन्हा, दोन्ही जुळतं, बॅलडचा, म्हणजे अशा जुन्या कथागीतांचा, मोठा संग्राहक फ्रान्सिस चाइल्डसुद्धा आधी याच बाजूचा होता, पण स्कॉटिश लेखक अँड्र्यू लँगने १८९५ मध्ये उलटा युक्तिवाद केल्यावर तोही डळमळला. कारण एडिनबरो, राणी, चार मेरी हे सगळं रशियातून कसं येणार? नाव तिकडून येऊन जुन्या गाण्याला चिकटलं असेल, एवढं मला पटतं, बाकी नाही.

'तिचेच शब्द' हे तर सगळ्यात कच्चं. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७९० मध्ये एका पत्रात यातलं एक कडवं दिलंय, आईला काय माहीत मी कुठल्या देशी जाणार, कसं मरणार, अशा अर्थाचं, आणि त्याआधीचा लेखी मजकूर सापडलेला नाही. म्हणजे डार्न्लीच्या काळानंतर दोनशेहून जास्त वर्षं! चाइल्डकडे याची दोन डझनांवर रूपं आहेत, काहींत ती हॅमिल्टनही नाही, मेरी माइल्ड आहे. यातली कुठली बाई फाशीच्या दोराखाली गात होती, ते पोस्टवाल्यांनीच सांगावं.