केस उभे राहिले नाहीत आणि मुलीला झटका बसला: एका पालक ताईंच्या तक्रारीला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही आमच्या दुकानाला एकच स्टार देऊन जे लिहिलंय ते वाचलं. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण त्या दिवशी स्थिर विजेच्या यंत्रावर असलेल्या, आमच्याकडे काम शिकणाऱ्या मुलाशी आणि शाळेतल्या बाईंशी बोलून नक्की काय झालं ते आधी समजून घ्यायचं होतं.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. जुलैत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तुमच्या मुलीच्या शाळेत आम्ही विज्ञान प्रयोगांचा कार्यक्रम केला. त्यासाठी मुलांकडून २०-२० रुपये गोळा केले होते. आमच्या जाहिरातीत केस ताठ उभे राहिलेल्या मुलीचा फोटो आहे, पण तिथे कुणाचा एक केसही हलला नाही. विचारलं तर 'पावसाळा आहे' असं उत्तर मिळालं. मग तुमच्या लेकीला स्टुलावर उभं केलं, तिला झटका बसला, ती रडली, आणि आमचा माणूस 'काही होत नाही' म्हणून पुढच्या प्रयोगाला लागला. तेव्हापासून ती घरातल्या बटणालाही हात लावत नाही. दोन लाख व्होल्ट पोरांच्या अंगावर सोडणारी असली यंत्रं शाळेत येऊच नयेत, असं तुम्ही शेवटी लिहिलंय.

आधी मुलीचं बोलतो. तिला झटका बसला ही पूर्णपणे आमची चूक आहे. पावसाचं कारण केसांना लागू पडतं, झटक्याला नाही. मी त्या वेळी हेडसरांच्या खोलीत पावती लिहीत होतो आणि यंत्रावर तो शिकाऊ मुलगा एकटाच होता. त्याला एकटं सोडायला नको होतं. तुमची आणि लेकीची मी मनापासून माफी मागतो.

आता झालं काय, ते सांगतो. ते यंत्र म्हणजे व्हॅन डी ग्राफ जनरेटर. खाली मोटर, वर ॲल्युमिनियमचा पोकळ घुमट, आणि मधल्या प्लास्टिकच्या खांबातून खालीवर फिरणारा रबरी पट्टा. पट्टा आणि खालचा रोलर वेगवेगळ्या पदार्थांचे असतात, त्यांच्या घासण्यातून विद्युतभार तयार होतो. पट्टा तो वर नेतो, वरचा ब्रश तो उतरवून घेतो आणि भार घुमटाच्या बाहेरच्या अंगावर साठत जातो. घुमटावर हात ठेवून प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहिलं की तोच भार माणसाच्या अंगावर पसरतो. प्रत्येक केसावर एकाच जातीचा भार आला की केस एकमेकांना दूर ढकलतात आणि उभे राहतात.

जुलैत तुमच्याकडे काय हवा असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. भिंतींना ओल, फळ्यावर खडू उमटत नाही, वह्यांची पानं मऊ पडलेली. दमट हवेतून वीज निसटते असं बरेच जण सांगतात, मीही कित्येक वर्षं तेच सांगायचो. खरी गोष्ट थोडी वेगळी आहे. पट्ट्यावर आणि खांबावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि भार त्या थरावरून खाली सरकतो. पट्टा जितका वर नेतो, जवळजवळ तितकं खांबावरून परत येतं. म्हणूनच आम्ही सोबत हेअर ड्रायर ठेवतो. त्याने पट्टा आणि खांब वाळवले की यंत्र थोडा वेळ जीव धरतं.

त्या दिवशी आमच्या मुलाने हेच केलं. आधी दोन-तीन पोरांना उभं करून काहीच झालं नाही, म्हणून त्याने ड्रायर फिरवला आणि मग तुमच्या लेकीला बोलावलं. तिच्या दोन घट्ट वेण्या होत्या, लाल रिबिनी, आणि शाळेला जाताना सगळ्या मुलींना चोपडतात तसं चपचपीत खोबरेल तेल. तेलाने केस एकमेकांना चिकटतात, जड होतात. असे केस फेब्रुवारीतही उठणार नाहीत, मग जुलैत कुठले उठायला! केस हलले नाहीत म्हणून यंत्र अजून थंडच आहे असं त्या मुलाने धरलं. पण ड्रायरमुळे भार तयार व्हायला लागला होता आणि तो तिच्या अंगावर साठत होता. तो फक्त केसांत दिसत नव्हता.

मैत्रिणी हसायला लागल्या, ती लाजली, आणि मोटर चालू असतानाच घुमटावरचा हात काढून स्टुलावरून खाली उतरली. चपला वर्गाबाहेर काढलेल्या. अनवाणी पाय ओल्या शहाबादी फरशीला लागला, तिथे टाचेला पहिली ठिणगी. तोल सावरायला तिने हात पुढे केला तो चालू यंत्राच्या घुमटाकडे, तिथे बोटांना दुसरी. मी खोलीतून आलो तेव्हा ती एक पाय उचलून, बोटं मुठीत धरून उभी होती. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नव्हता. ते मी पाहिलं, आणि तरीही आधी आमच्या मुलाला 'मोटर बंद कर' म्हटलं आणि तिच्याकडे नंतर वळलो. तोवर बाईंनी तिला जवळ घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी हेडसरांना फोन केला, तुम्हाला केला नाही. तो तुम्हाला करायला हवा होता.

म्हणजे ताई, तुमच्या तक्रारी दोन दिसतात, पण मूळ एकच आहे. जिथे केस उठणारच नव्हते तिथे ते उठवून दाखवायचा हट्ट धरला, आणि त्या हट्टापायी लेकराला त्रास झाला.

खरी रीत अशी आहे. आधी यंत्र बंद. मूल स्टुलावर चढून घुमटावर हात ठेवतं, मग मोटर चालू. चालू यंत्राजवळ कुणी हात न्यायचा नाही. झाल्यावर मोटर बंद, पण हात घुमटावरच. मग घुमटाला लाकडी पट्टी लावायची. लाकडातून भार सावकाश उतरतो, ठिणगी पडत नाही. हे झालं की मूल खाली उतरतं, आणि तेही कोरड्या सतरंजीवर. ही रीत त्या मुलाला माहीत होती. केस न हलल्यामुळे तिची गरज त्याला वाटली नाही, आणि केस न हलणं म्हणजे भार नसणं नव्हे हे मी त्याला शिकवलं नव्हतं.

आता दोन लाख व्होल्टचं. हा आकडा ऐकून आईच्या काळजात धस्स होणारच. आमचा घुमट २० सेंटीमीटर व्यासाचा आहे. कोरड्या हवेत साधारण ३० हजार व्होल्टला एक सेंटीमीटर ठिणगी पडते, त्या हिशेबाने १० सेंटीमीटर त्रिज्येचा असा घुमट कितीही ताणला तरी तीन लाखांच्या पलीकडे जात नाही, आणि पावसाळ्यात तर त्याच्या जवळपासही पोचत नाही. पण धोका एकट्या व्होल्टवर ठरत नाही. दोन लाखांवरही त्या घुमटात साठलेली ऊर्जा साधारण ०.२ ज्यूल असते, म्हणजे ४० ग्रॅमचं लिंबू अर्धा मीटर उचलायला लागते तेवढी. माणसाचं अंग घुमटापेक्षा जास्त भार सामावतं, त्यामुळे स्टुलावरून उतरताना बसणारा चटका नुसत्या घुमटाच्या चटक्यापेक्षा जोराचा वाटू शकतो. तरी तो क्षणात संपतो, कारण पट्टा पुढे देतो तो प्रवाह मायक्रोअँपियरमधला, म्हणजे अँपियरच्या दहा लाखाव्या भागांत मोजण्याएवढा. घरातला २३० व्होल्टचा करंट मात्र धरून ठेवतो आणि देतच राहतो.

तिच्या शरीराला इजा झालेली नसावी एवढ्यासाठी हा हिशेब दिला. तिची भीती खोटी आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. वर्गासमोर न विचारता उभं केलं, चटका बसला, आणि मोठ्या माणसाने 'काही होत नाही' म्हणून उडवून लावलं. कुठलंही मूल घाबरेल. घरात ती बटणाला हात लावत नसेल तर तिला रागवू नका. ओल्या हाताने बटण दाबायचं नाही ही भीती तर बरोबरच आहे, ती राहू दे. बाकीची हळूहळू जाईल.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. हे यंत्र शाळेत येऊच नये असं मला वाटत नाही. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा कशा पडतात ते तुम्ही पाहताच. झाडाखाली उभं राहू नका असं आपण पोरांना सांगतो, पण का, ते दाखवायला हातात काही नसतं. या घुमटाजवळ अर्थिंग केलेला गोळा नेला की कडकन ठिणगी पडते. त्याच घुमटासमोर अर्थिंग केलेली टोकदार सुई धरली की ठिणग्या थांबतात, टोकावरून भार गुपचूप निघून जातो. हे पाहिलं की भार जमिनीकडे जायची वाट कशी शोधतो ते पोरांना पुस्तकाशिवाय कळतं. पुस्तकातलं चित्र हे काम करत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मुलांना हात धरून साखळीत उभं करून सगळ्यांना एकदम शॉक द्या, अशी मागणी काही शाळांकडून येते. तो प्रयोग लायडन जारने, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या काचेच्या बरणीने करतात. १७४६ मध्ये फ्रान्समध्ये नोले नावाच्या शास्त्रज्ञांनी राजाच्या १८० शिपायांना असा झटका दिला होता. जारमध्ये घुमटापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा साठते. आमच्या पेटीत लायडन जार ठेवतच नाही आणि ठेवणारही नाही.

आता काय करतोय ते. कार्यक्रमाची सगळी रक्कम हेडसरांकडे परत दिली आहे, तुमची वर्गणी त्यांच्याकडून घ्या. जून ते सप्टेंबर खानापूर भागात हे यंत्र नेणार नाही, त्या दिवसांत भिंगांचे आणि हवेच्या दाबाचे प्रयोग करू. जाहिरातीतला फोटो फेब्रुवारीत अथणीकडे काढलेला आहे, मुलीचे केस धुतलेले आणि मोकळे होते. हे फोटोखाली लिहायला हवं होतं, आता लिहिलंय. कुठल्याही मुलाला विचारल्याशिवाय स्टुलावर घेणार नाही. पेसमेकर असलेल्या शिक्षकांनी आणि पालकांनी यंत्रापासून लांब बसावं हे सुरुवातीलाच सांगणार. आणि यंत्र चालू असताना मी खोली सोडणार नाही.

जानेवारीत हवा कोरडी झाली की शाळेने बोलावलं तर एक पैसा न घेता परत येईन. लेकीला एक गोष्ट सांगा. हे यंत्र बनवणाऱ्या रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ यांनी १९२९ मध्ये पहिला नमुना केला तेव्हा त्याचा पट्टा म्हणजे दुकानातून आणलेली रेशमी रिबीन होती. दोनच वर्षांनी ते १५ लाख व्होल्टपर्यंत पोचले. तिच्या रिबिनीवरून मला ते आठवलं.

त्या दिवशी तिला स्टुलावर यायचं असेल तर आदल्या दिवशी केस धुऊन, तेल न लावता पाठवा. नसेल यायचं तर तिने तुमच्याजवळ मागच्या बाकावर बसावं. आम्ही घुमटावर वाटीभर चुरमुरे ठेवतो, मोटर चालू केली की ते उडून वर्गभर पडतात. ते लांबूनही छान दिसतं.