‘नस मोकळी केली की हात चालतो’, नाही चालत

तासगाव-मिरजेकडच्या ग्रुपांवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. हातापायातली ताकद जाणं, मांस झडणं म्हणजे दबलेली नस नाहीतर बी-१२ ची कमतरता. ‘एएलएस’ हे घाबरवायला दिलेलं नाव. ४५ दिवस जोरात मालिश करा. आणि श्वासाचं मशिन लावू नका, फुप्फुसं आळशी होतात. आमच्या आप्पांना एएलएस आहे, त्यामुळं आमच्याकडे तो तीन पाहुण्यांनी पाठवला, काळजीपोटीच. म्हणून लिहिते.

बी-१२ कमी असेल तर मुंग्या येतात, बधिरपणा येतो, रक्त तपासलं की कळतं. ते तपासावंच. पण एएलएसमध्ये स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या पेशी मरतात. स्पर्श सहसा शाबूत राहतो. आप्पांच्या मनगटावर डास बसला तर त्यांना बरोबर कळतं. ते डासाकडे बघतात, मग माझ्याकडे. हात उठत नाही.

दबलेली नस आम्हालाही वाटली होती. द्राक्षाच्या विरळणीत आप्पांची कात्री मिटेना, तेव्हा मान अवघडली असेल म्हणालो. मानेत नस दबली तरी हात कमजोर होतो, म्हणूनच एमआरआय काढतात. पण त्यांच्या दंडाची कातडी आपोआप फडफडत होती, अंगठ्याच्या बुडाशी खड्डा पडला होता आणि दुखत काहीच नव्हतं. पुढं पाय अडखळायला लागला, जीभ जड झाली. ईएमजीत सुया टोचून स्नायू तपासले, तेव्हा कुठं नाव कळलं. तोवर वर्ष गेलं होतं. एका रक्ततपासणीत सापडणारा हा आजारच नाही. आणि घाबरवायला दिलेलं नाव म्हणाल, तर फ्रान्सच्या शार्को यांनी १८६९ मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलंय.

मालिशनं बरं वाटतं, हलक्या हातानं सांधे हलवले की ते आखडत नाहीत. मेलेली पेशी त्यानं उठत नाही. रिल्युझोल या एएलएसवरच्या गोळीनंही उठत नाही. चाचण्यांत त्या गोळीनं आयुष्य २-३ महिन्यांनी वाढलं. डॉक्टरांनी हे आम्हाला पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं.

मशिनचा मुद्दा मात्र जीवावर बेतणारा आहे. फुप्फुसं बिघडलेली नसतात, त्यांना हलवणारे स्नायू थकतात. आप्पा आडवे झाले की गुदमरायचे. रात्र खुर्चीत काढायचे, सकाळी डोकं ठणकायचं, कारण झोपेत कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नव्हता. बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशिन, आणलं. पहिल्या चार रात्री त्यांनी मान हलवून हलवून मास्क काढायला लावला. पाचव्या दिवशी दूधवाला येऊन गेला तरी ते झोपलेलेच. आई दोनदा छाती हलतेय का बघून आली. अनेकांना या मशिननं गोळीपेक्षा जास्त दिवस मिळतात.

आणि मशिन नको म्हणून डॉक्टरांना न विचारता नुसता ऑक्सिजन लावू नका. स्नायूंना त्यानं मदत होत नाही, कार्बन डायऑक्साइड आत साठतच राहतो, कधी कधी वाढतोसुद्धा. आत्यानं मायेनं सिलिंडर पाठवला होता. तो आम्ही दुसऱ्या दिवशी परत केला.