जुन्या कंबरदुखीत व्यायाम वर्ज्य नाही

‘कंबर 3 महिन्यांहून अधिक काळ दुखत असल्यास व्यायाम केल्याने मणके झिजतात, म्हणून पडून राहावे’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2021 साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात रुग्णांवरील 249 चाचण्या तपासल्या गेल्या आणि उपचार न घेणाऱ्या, नेहमीचेच उपचार घेणाऱ्या किंवा नुसते दिखाऊ उपचार मिळालेल्या रुग्णांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांच्या वेदना 100 पैकी सरासरी सुमारे 15 गुणांनी कमी आढळल्या. हा फायदा माफक आहे, चमत्कार नव्हे. सुरुवातीला दुखणे थोडे वाढले, तरी त्याचा अर्थ इजा झाली असा होत नाही. मात्र लघवीवरील ताबा सुटणे, पायांतील शक्ती जाणे किंवा ताप येणे अशी लक्षणे असल्यास व्यायामाआधी डॉक्टरांची तपासणी तातडीने आवश्यक आहे.