चोचवाला 'प्लेगचा डॉक्टर' मध्ययुगातला नाही

लांब काळा झगा, डोळ्यांवर काचा आणि पक्ष्यासारखी चोच असलेल्या माणसाचं एक चित्र सध्या फॉरवर्ड होतंय. खाली ओळ असते: 'मध्ययुगातल्या काळ्या मृत्यूच्या साथीतला डॉक्टर, इ. स. १३४८'. चित्र खरं आहे, ओळ चुकीची आहे.

काळ्या मृत्यूची, म्हणजे प्लेगची साथ युरोपात १३४७ ते १३५१ या काळात होती. हे कोरीवचित्र मात्र जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचे प्रकाशक पाउल फ्युर्स्ट यांनी १६५६ साली छापलं, म्हणजे तब्बल तीनशे वर्षांनी! चोचीच्या वेशाचं श्रेय फ्रान्सच्या राजदरबारातले वैद्य शार्ल द लॉर्म यांना दिलं जातं, आणि तेही १७व्या शतकातलेच. चौदाव्या शतकातल्या चित्रांत असा वेश दिसत नाही.

चित्र जरा मोठं करून बघा. हातातल्या काठीच्या टोकाला पंख असलेलं वाळूचं घड्याळ आहे, आणि मागे मुलं घाबरून पळताहेत. सोबत लॅटिन आणि जर्मनची सरमिसळ असलेली कविता आहे. ती या डॉक्टरच्या पैशाच्या हावेची टर उडवते. म्हणजे हे व्यंगचित्र आहे; त्याला वैद्यकाची सरळ नोंद समजणं चूक. फॉरवर्डमध्ये ती कविताच कापून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

चोचीत सुगंधी वनस्पती भरत, कारण दूषित हवेमुळे रोग होतो अशी तेव्हा समजूत होती. प्लेग पिसवांमुळे पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीत दाखवलं.

ज्यांनी हे चित्र पुढे पाठवलंय, त्यांनी कृपया साल दुरुस्त करून पुन्हा पाठवावं.