‘स्वस्त रॉड म्हणजे पैसे पाण्यात’ : या मेसेजमधलं किती खरं?

बास हा गोड्या पाण्यातला मासा गरवण्याबद्दलचा एक मेसेज बराच काळ फिरतो आहे. एखाद्या नवख्यानं ‘कमी पैशात सुरुवात कशी करू?’ असं विचारायचा अवकाश, कोणीतरी तो चिकटवतोच. त्याचा मजकूर थोडक्यात असा : स्वस्त सामान म्हणजे पैसे पाण्यात. बासची खरी मासेमारी बेटकास्टर प्रकारच्या रीलवरच होते. रील घेताना बेअरिंग मोजा, दहाच्या खाली काही घेऊ नका. रॉड ग्राफाइटचाच (म्हणजे कार्बनच्या तंतूंचाच) हवा आणि मॉड्युलस जितका वरचा तितका चांगला. लाइन फ्लुरोकार्बनची घ्या, ती पाण्यात दिसतच नाही. पाउंड-टेस्ट, म्हणजे लाइन किती पाउंड ताण सोसते तो आकडा, जितकी जास्त तितका मासा सुटायचा धोका कमी. आणि शेवटी, ‘परवडत नसेल तर थांबा, पैसे साठवा, मग घ्या.’

मला सगळ्यात खटकतं ते हे शेवटचं वाक्य. ते वाचून माणूस अख्खा हंगाम काठावर बसून काढतो. बाकीच्या मुद्द्यांत थोडं खरं आहे, पण ते चुकीच्या जागी लावलेलं आहे.

बेटकास्टरपासून सुरुवात करू. या रीलमध्ये आमिष फेकताना स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेलं रीळ, स्वतः फिरतं. आमिषाचा वेग हवेत कमी होत जातो, स्पूल मात्र आधीच्याच वेगानं फिरत राहतं. जास्तीची लाइन बाहेर जायला वाट नसते आणि मग जो गुंता होतो तो सोडवण्यात सकाळ जाते. हे टाळायला चुंबकीय किंवा केंद्रोत्सारी ब्रेक असतात आणि त्यांच्यावर अंगठ्याचा ताबा लागतो. स्वस्त बेटकास्टरमध्ये नेमकी इथेच काटकसर केलेली असते : स्पूल जड आणि ब्रेक ओबडधोबड. पाच-सात ग्रॅमचं हलकं आमिष असं जड स्पूल नीट फिरवूच शकत नाही. म्हणजे हात तंग असलेल्या नवख्याला हा मेसेज त्याच प्रकारच्या रीलकडे ढकलतो, ज्यात स्वस्तपणा सगळ्यात जास्त नडतो.

स्पिनिंग रीलचं स्पूल फेकताना हलत नाही, लाइन त्याच्या कडेवरून सुटत जाते. त्यामुळे तसा गुंता होण्याचं मूळ कारणच उरत नाही. त्याची स्वतःची खोड आहे, लाइनला पीळ बसतो. फेक झाल्यावर बेल, म्हणजे लाइन पुन्हा स्पूलवर घेणारी तारेची कमान, हँडल फिरवून बंद न करता हातानं बंद करायची आणि लाइन एकदा ताणून घ्यायची, एवढ्यानं बराचसा त्रास मिटतो. बेटकास्टर वाईट मुळीच नाही. जाड लाइन, जड आमिष, दाट पाणवनस्पती आणि नेमकी जागा साधायची असेल तर त्याला तोड नाही. पण ती दुसरी खरेदी झाली. बटण दाबून फेकायच्या बंद तोंडाच्या रीललाही हे मेसेजवाले हसतात. तेलविहिरींसाठी टाइम-बॉम्ब बनवणाऱ्या अमेरिकेतल्या टल्साच्या झीरो अवर बॉम्ब कंपनीनं १९४९ मध्ये ते बाजारात आणलं, पुढे ती झेब्को म्हणून ओळखली गेली, आणि त्या रीलवर पहिला बास पकडलेल्यांची गणती नाही. लहान मुलांच्या हाती मी आजही तेच देईन. मोठ्यांसाठी त्याचा ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की लाइन अडवत अडवत सोडणारा ब्रेक, सहसा कमी पडतो.

आता बेअरिंग. जिथे भार घेऊन काही फिरतं तिथे बेअरिंगचा उपयोग : मुख्य गिअरच्या दोन्ही बाजू, त्याला जोडलेला छोटा गिअर (पिनियन), आणि लाइन जिच्यावरून वळते ती छोटी फिरकी. या जागा नीट सांभाळल्या की पुढचा आकडा बहुतेक खोक्यावर छापण्यासाठी वाढवलेला असतो. हँडलच्या मुठीत दोन बेअरिंग जास्त घातली तर फिरवताना मऊ वाटेल, पण मासा त्यामुळे जास्त लागणार नाही. हलक्या दर्जाची दहा बेअरिंग गंजायला लागली की चांगल्या बसवलेल्या चार बेअरिंगचं रील कधीही बरं.

मग रील निवडताना बघायचं काय? हँडल सावकाश फिरवा, कुठे अडखळतं का ते बोटांना कळतं. उलटं फिरवून बघा, ते मागे जाता कामा नये. बेल खटकन मिटली पाहिजे. मग लाइन हातानं ओढून ड्रॅग तपासा, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. ड्रॅगची ताकद किती हे बिनमहत्त्वाचं, तो सुरू कसा होतो ते बघायचं. स्वस्त रीलमध्ये तो आधी चिकटून बसतो आणि मग एकदम हिसका देऊन सुटतो. मासा उसळी मारतो त्या क्षणी हा हिसका लाइन तोडतो किंवा गळ फाडून काढतो. खोक्यावर ‘कमाल ड्रॅग १० किलो’ लिहिलेलं असतं त्याकडे बघून खूश होऊ नका. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच ठेवायचा असतो. १० पाउंडांच्या लाइनला तो होतो अडीच ते सव्वातीन पाउंड, म्हणजे साधारण सव्वा किलोच्या आसपास. साध्या ताणकाट्याला लाइन बांधून ओढलं की तो लावता येतो. उरलेली आठ-नऊ किलोंची ताकद तुम्ही कधी वापरणारच नाही.

असाच मिरवला जाणारा दुसरा आकडा म्हणजे गिअर रेशो, हँडलच्या एका फेऱ्यात लाइन गुंडाळणारा भाग किती फेरे घेतो ते. ‘७:१ वेगवान, ५:१ मंद’ असं सरसकट सांगतात. पण हँडलच्या एका फेऱ्यात लाइन किती येते ते स्पूलच्या व्यासावरही ठरतं. लाइन भरलेल्या स्पूलचा व्यास ३२ मिलिमीटर असेल तर ७:१ ला एका फेऱ्यात सुमारे ७० सेंटिमीटर लाइन येते. ४५ मिलिमीटरच्या स्पिनिंग स्पूलवर ५.२:१ लाच सुमारे ७३ येते. ‘मंद’ रील इथे पुढे निघालं.

ग्राफाइटचा मुद्दा मेसेजमधला सगळ्यात फसवा आहे, कारण तो शास्त्रीय वाटतो. मॉड्युलस म्हणजे ताठपणा, मजबुती नव्हे. तंतू ताठ असला की कमी माल वापरून हलका, पातळ भिंतीचा रॉड करता येतो. तळाशी आमिषाला खडा लागला की शेवाळ, हे अशा रॉडमधून हाताला चटकन कळतं, हा त्याचा खरा फायदा. पण तीच पातळ भिंत होडीच्या कडेवर आपटली की दुखावते आणि नंतर कधीतरी भलत्याच वेळी कडकन मोडते. रॉडवर ‘आयएम६’, ‘आयएम७’ अशी अक्षरं असतात. तो सगळ्या उद्योगानं मान्य केलेला दर्जा नाही. ही मुळात एका तंतू-उत्पादकाची व्यापारी नावं, त्यामुळे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या रॉडांची तुलना या आकड्यांवरून होत नाही.

काचतंतू (फायबरग्लास) आणि कार्बन मिसळलेला साधा रॉड नवख्याला उलट जास्त सोसतो. शिवाय क्रँकबेटसारख्या, ओढलं की पाण्यात खोल जाणाऱ्या नकली आमिषाला छोटे तिहेरी गळ असतात. बास आमिष तोंडात ओढून घेतो त्या वेळी टोक थोडं नमलं तर गळ आत रुततो. टोक फार ताठ असेल आणि माणूस उतावळा असेल तर आमिष तोंडातून ओढून काढलं जातं. म्हणूनच जुनेजाणते गरवणारे या एका कामासाठी आजही मुद्दाम काचतंतूंचा रॉड वापरतात.

रॉड घेताना वाचायचं ते मुठीच्या वर छापलेलं असतं : पॉवर, ॲक्शन, लाइनची आणि आमिषाच्या वजनाची मर्यादा. पॉवर म्हणजे वाकवायला लागणारा जोर, ॲक्शन म्हणजे रॉड कुठून वाकतो ते. एकच रॉड घ्यायचा असेल तर मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन, साडेसहा ते सात फूट, लाइन ६ ते १२ पाउंड, आमिष साधारण ५ ते १८ ग्रॅम. बासची बहुतेक आमिषं यात बसतात. स्वस्त रॉडची खरी खोट कांडीत कमी आणि लाइनच्या कड्यांत जास्त सापडते. प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे चीर आहे आणि ती तुमची लाइन रोज थोडी थोडी कापणार. मग रॉड डोळ्यासमोर धरून कड्या एका रेषेत आहेत का ते बघा. अशा तपासणीत पास झालेला वापरलेला रॉडही मी बिनदिक्कत घेईन.

‘फ्लुरोकार्बन पाण्यात दिसतच नाही.’ पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो तो आकडा) १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा दीडच्या थोडा वर. फ्लुरोकार्बन पाण्याच्या जास्त जवळ आहे, म्हणजे कमी दिसतं. अदृश्य व्हायला आकडा १.३३ लागला असता. गढूळ पाण्यात तर हा फरक विसरलात तरी चालेल. फ्लुरोकार्बनचे खरे गुण दुसरेच आहेत. त्याची घनता १.७८ असल्यानं ते बुडतं, पाणी पीत नाही, आणि खडकाला घासलं तरी बऱ्यापैकी टिकतं. तळाशी ओढायच्या आमिषाला म्हणून उत्तम. पृष्ठभागावर नाचणाऱ्या आमिषाला मात्र तेच बुडणं मारक, त्याचं नाक खाली ओढलं जातं. शिवाय ते ताठ असतं. छोट्या स्पिनिंग स्पूलवरून वेटोळी उसळून बाहेर येतात आणि गाठ ओली न करता आवळली तर तिथेच कमजोर होते. स्वस्त फ्लुरोकार्बन आणि त्याच किमतीचं चांगलं नायलॉन यांत मी डोळे झाकून नायलॉन उचलीन.

नायलॉन, म्हणजे आपलं साधं तंगूस, फार बदनाम झालंय. ते पाणी पितं, ओलं झाल्यावर थोडं कमजोर होतं, उन्हानं जून होतं, ताणतं. सगळं खरं. पण कमी बजेटमध्ये हा ताणच कामाला येतो. ड्रॅगनं दिलेला हिसका तंगूस पोटात घेतं. स्वस्त रीलची चूक स्वस्त लाइन झाकते, असं चांगलं जमलेलं जोडपं मोडायचं कशाला? ८ किंवा १० पाउंडांचं तंगूस भरा आणि हंगामागणिक बदला.

विणलेली ब्रेड लाइन वेगळ्या हिशेबानं बघावी लागते. पॉलिएथिलीनची असल्यानं ती तरंगते, जवळजवळ ताणतच नाही, त्याच ताकदीच्या तंगूसाहून कितीतरी बारीक असते आणि वर्षानुवर्षं चालते. घेताना महाग, पण वापराच्या काळावर वाटली तर स्वस्त पडू शकते. नुसत्या गुळगुळीत स्पूलवर ती घसरते, म्हणून खाली तंगूसाचा थर लागतो, आणि इथेच पैसे वाचवायची जागा आहे. बासची फेक सहसा तीसेक मीटरच्या फार पुढे जात नाही. म्हणजे तळाला जुनं तंगूस भरून वर ६०-७० मीटर चांगली लाइन घेतली तरी पुरते. वरचं टोक झिजलं की लाइन उलटी भरायची, खालची कोरी बाजू वर येते. पूर्ण स्पूल महागड्या लाइननं भरणाऱ्याचे निम्मे पैसे उजेड न बघताच पडून राहतात.

पाउंड-टेस्टबद्दल थोडक्यात. जाड लाइननं फेक आखूड होते, क्रँकबेट कमी खोल जातं, आणि रॉडच्या मर्यादेपलीकडची लाइन तळाला अडकल्यावर ओढलीत तर तुटायची पाळी लाइनऐवजी रॉडवर येऊ शकते. माशाचं वजन पाणी पेलत असतं, लाइनवर येतो तो त्याच्या पळण्याचा जोर, आणि तो सांभाळायलाच ड्रॅग आहे. मासे सुटतात ते बहुधा कोरड्या आवळलेल्या गाठीनं, शेवटच्या अर्ध्या मीटरमधल्या ओरखड्यानं, फार आवळलेल्या ड्रॅगनं किंवा बोथट गळानं. ब्रेडला पालोमार नावाची गाठ मारा, आणि कुठेही अडकून सुटल्यावर ते शेवटचं टोक बोटांतून ओढून बघा. खरबरीत लागलं तर कापून पुन्हा बांधा. एक अपवाद मान्य : दाट पाणवनस्पतींच्या गालिच्यावर ५०-६० पाउंडांची ब्रेड खरंच लागते, कारण तिथे माशाबरोबर गवताचा भाराही ओढायचा असतो.

आणि आधुनिक सामानाशिवाय मोठा मासा नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक जुनी नोंद. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरीनं अमेरिकेतल्या जॉर्जियात २ जून १९३२ ला केला : २२ पाउंड ४ औंस. नायलॉनचा शोध लागला १९३५ मध्ये, म्हणजे त्या माशानंतर. कार्बनचे रॉड तर सत्तरच्या दशकातले. २००९ मध्ये मानाबू कुरितानं जपानच्या बिवा सरोवरात २२ पाउंड ५ औंसांचा बास पकडला. पण या वजनाच्या माशाला विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची बरोबरी धरली गेली. याचा अर्थ सामान बिनकामाचं असा नाही. पण सत्त्याहत्तर वर्षांच्या प्रगतीच्या हाती एका औंसाचा फरक लागला, हे ‘थांबा, साठवा’ म्हणणाऱ्यांनी एकदा आठवावं.

मेसेजची एक गोष्ट मी मानतो. प्लास्टिकच्या पुडीत रॉड-रील एकत्र मिळणारा अगदी तळाचा संच खरंच टाळावा. त्याच्या वरच्या पायरीचा संच चालतो, फक्त आधीच गुंडाळून आलेली लाइन पहिल्या दिवशी काढून टाका, ती किती दिवस तशीच पडून होती कोणाला ठाऊक. थोडेच पैसे हातात असतील तर माझा क्रम असा : आधी नीट कड्यांचा रॉड, मग गुळगुळीत ड्रॅगचं २५०० आकाराचं (हा रीलवर छापलेला आकार-क्रमांक) स्पिनिंग रील, मग ताजं तंगूस. त्यातूनही काही उरलं तर ते आमिषांच्या नव्या रंगांवर उधळू नका. स्वस्त आमिषांचे गळ बदला. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून बघा : घसरलं तर बोथट, रुतलं तर चालेल.