‘ना धड जुनी, ना धड नवी’: पद्मिनीवरील आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या १९७९ सालच्या प्रीमियर पद्मिनीची दुरुस्ती आणि रोजच्या वापरासाठी तिच्यात केलेले बदल, यांविषयीच्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप मुख्यतः तीन आहेत. जुन्या डायनॅमोऐवजी आल्टरनेटर (बॅटरी भरणारे वीजयंत्र), इलेक्ट्रॉनिक इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) आणि विजेचा पंखा बसवून मी गाडीचा मूळपणा घालवला आणि तरीही डिस्क ब्रेक किंवा नवे इंजिन न बसवल्याने ती ‘ना धड जुनी, ना धड नवी’ झाली, हा पहिला. एअरबॅग नसलेली गाडी रोज रस्त्यावर आणणे म्हणजे जिवाशी खेळ, हा दुसरा. एवढ्या पैशांत चांगली वापरलेली आधुनिक गाडी आली असती आणि धूरही कमी झाला असता, हा तिसरा. शेवटी आपण साताऱ्याच्या घरी अनेक वर्षे उभ्या असलेल्या वडिलांच्या पद्मिनीविषयीही विचारले आहे. त्याचे उत्तर सगळ्यात शेवटी देतो.

मूळपणाच्या मुद्द्यावर आपण आणि मी दोन वेगळ्या गाड्यांविषयी बोलत आहोत, असे मला वाटते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल न झालेली वाहने तिच्यात येतात; त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांकमालिका मिळते, मात्र ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. म्हणजे मूळपणा जपण्याच्या बदल्यात रोजचा वापर सोडायचा, असा हा व्यवहार आहे आणि तो मला रास्त वाटतो. माझी गाडी वयानेही त्यात बसत नाही आणि हेतूनेही नाही. तिला सकाळी कार्यालयात जायचे आहे, पावसात दिवे आणि वायपर लावून कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला उभे राहायचे आहे आणि संध्याकाळी पहिल्या सेल्फला सुरू व्हायचे आहे. या कामाला जे कमी पडत होते तेवढेच मी बदलले, आणि शक्य तिथे अशा रीतीने बदलले की उद्या कुणाला जुने भाग परत बसवावेसे वाटले तर कुठेही कापाकापी करावी लागू नये.

आल्टरनेटरचेच घ्या. जुना डायनॅमो आयडलिंगला जवळजवळ काहीच वीज देत नाही. १९७९ साली पुण्यातल्या रस्त्यांवर गाडी बहुतेक वेळ चालत असे, तेव्हा ते खपून जात होते; आज तीच गाडी बहुतेक वेळ उभी असते. हेडलाइट, वायपर आणि ब्रेकचे दिवे एकदम चालू असले की डायनॅमोवरची बॅटरी भरण्याऐवजी उतरत जाते. आल्टरनेटर मंद गतीलाही बॅटरी भरतो. पुढे कंपनीनेच नंतरच्या पद्मिनींना आल्टरनेटर दिला होता, तेव्हा हा बदल गाडीच्या वंशाबाहेरचाही नाही. हेडलाइटच्या तारांत रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) टाकण्यामागचे कारणही असेच आहे. साठ वॅटचे दोन बल्ब मिळून दहा अँपिअर ओढतात. तो सगळा प्रवाह चाळीस वर्षे झिजलेल्या स्विचमधून आणि बारीक तारांतून गेला की बल्बपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचत नाही, स्विच मात्र तापतो. रिलेमुळे स्विचवर नाममात्र प्रवाह राहतो आणि बल्बला बॅटरीकडून थेट वीज मिळते. लोक यासाठी झगझगीत एलईडी बसवून समोरच्याचे डोळे दिपवतात. रिले आणि जाड तार एवढ्यावर साधा हॅलोजन बल्ब किती उजळतो हे पाहण्यासारखे आहे.

गाडी तापण्याविषयी आपण लिहिता की, ‘थर्मोस्टॅट काढून टाकला असता तर पंख्याचा खर्च वाचला असता.’ थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. हा सल्ला आपल्याकडे गॅरेजागॅरेजांत मिळतो आणि मला तो मुळीच पटत नाही. थर्मोस्टॅट काढला की इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, मोकळ्या रस्त्यावर तर ते गरजेपेक्षा थंडच राहते. परिणामी पेट्रोल अधिक लागते आणि सिलिंडरची झीज वाढते. मूळ दुखणे मात्र तसेच राहते, आणि ते असते रेडिएटरमध्ये. नळाचे पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने नळ्यांत क्षार साचतात. शिवाय इंजिनावर फिरणारा पंखा सिग्नलला मंद होतो, म्हणजे वारा जेव्हा सर्वाधिक हवा तेव्हाच कमी पडतो. म्हणून रेडिएटरला नवी कोअर, पाण्याऐवजी कूलंट, नवा थर्मोस्टॅट आणि तापमानावर आपोआप चालू होणारा विजेचा पंखा, असा हा एकत्रित उपाय आहे. त्यातला एकच भाग उचलून चालत नाही. आणि हा पंखा डायनॅमोवर चालवणे अवघड असल्याने आल्टरनेटर आधी आला, हेही सांगून ठेवतो.

आता डिस्क ब्रेक. ते का बसवले नाहीत, हा आपला प्रश्न सगळ्यांत नेमका आहे. ड्रम ब्रेकमध्ये फिरणारा ड्रम पुढच्या शूला (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीला) स्वतःबरोबर ओढून घेतो, त्यामुळे पायाच्या जोरात आपोआप भर पडते. डिस्कमध्ये ही मदत नसते; तिला तेलाचा दाब बराच जास्त लागतो आणि म्हणून बहुधा पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही लागतो. मास्टर सिलिंडर, हब आणि पुढच्या-मागच्या चाकांमधला ब्रेकचा तोल हे सगळे नव्याने जुळवल्याशिवाय दुसऱ्या गाडीच्या डिस्क आणून बसवल्या, तर पेडल दगडासारखे कडक होते किंवा जोरात ब्रेक मारताच पुढची अथवा मागची चाके आधी अडकतात. हा हिशोब कारखान्यात चाचण्या घेऊन करायचा असतो. गॅरेजमध्ये अंदाजाने नव्हे. त्याऐवजी मी चारही चाकांचे व्हील सिलिंडर, शू आणि रबरी होज नवे घातले, गंजलेल्या ब्रेक पाइपलाइन बदलल्या, मर्यादेपेक्षा जास्त घासलेले ड्रम टाकून दिले आणि पुढच्या व मागच्या चाकांचे तेल वेगळे ठेवणारा टँडम मास्टर सिलिंडर बसवला, जेणेकरून एक पाइप फुटला तरी निम्मे ब्रेक शिल्लक राहतील. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचे. सलग उतारावर ड्रम तापून ब्रेकची पकड कमी होते, हा दोष यानंतरही राहतोच. घाट उतरताना मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो आणि मागच्या हॉर्नकडे लक्ष देत नाही.

इंजिन बदलण्याच्या सूचनेला कायद्याचीही अडचण आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ खाली अशा बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड ठेवला. गाडीच्या रचनेत मूलभूत फरक करणारा बदल, अशी बदलाची व्याख्या कलम ५२ मध्येच आहे. रिले किंवा आल्टरनेटर तिच्यात येतो असे मला वाटत नाही, दुसऱ्या कंपनीचे इंजिन मात्र नक्की येते. पण कायदा बाजूला ठेवला तरी १०८९ सीसीचे हे इंजिन शहरातल्या वेगाला पुरेसे आहे. त्याच्या दुप्पट शक्तीचे इंजिन त्याच ब्रेकांवर आणि त्याच पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

सुरक्षिततेबाबत मी आपल्याशी वाद घालणार नाही. धडकेत चेपून आघात शोषणारी रचना, एअरबॅग, एबीएस (ब्रेक मारताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) यांतले काहीही या गाडीत नाही आणि पैसे ओतून ते आणताही येत नाही. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा आहे. त्यामुळे गंजलेल्या फ्लोअरवर लांबी (पुट्टी) भरून रंग मारणे ही या गाडीच्या बाबतीत फसवणूक ठरते. कुजलेला पत्रा कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करावाच लागतो. तीन टोकांचे सीटबेल्टही मी नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून लावले नाहीत, आतून पोलादी पट्टीचा आधार देऊन लावले आहेत. याउपर उरतो तो वापरावरचा निर्बंध. ही गाडी शहरात आणि साध्या रस्त्यांवर चालते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मी ती नेत नाही आणि लहान मुलांना तिच्यात बसवून लांबचा प्रवास करत नाही. ज्यांच्या घरी ही एकच गाडी आहे, त्यांनी माझे अनुकरण करू नये, हे त्या लेखातही लिहिले होते.

प्रदूषणाबाबतही आपले म्हणणे खरे आहे. भारतात पेट्रोल गाड्यांना उत्सर्जनाची पहिली मानके लागली ती १९९१ साली, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारे उपकरण) चार महानगरांत आले १९९५ साली. पीयूसी चाचणीत माझ्या गाडीला आयडलिंगला तीन टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे, बीएस-२ आणि बीएस-३ (नंतरची भारत स्टेज मानके) गाडीला अर्धा टक्काच. चाचणी उत्तीर्ण होणे आणि गाडी स्वच्छ असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नवी गाडी बनवायला लागणारी ऊर्जा वाचली, असा युक्तिवाद जुन्या गाड्यांचे शौकीन करतात, तो कन्व्हर्टर नसलेल्या गाडीच्या बाबतीत मला लंगडा वाटतो आणि मी तो करणार नाही. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) नीट जुळवलेला ठेवणे, एवढेच माझ्या हाती आहे, आणि ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे तेही सोपे राहिलेले नाही. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, पण कार्ब्युरेटरला इंधन बदलल्याचे कळत नाही. तो जुन्याच प्रमाणात पेट्रोल सोडतो. मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ होते, इंजिन अडखळते आणि जास्त तापते. म्हणून मोठा मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे छिद्र) घातला, आणि टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबर इथेनॉल सहन करणारे घेतले, कारण जुने रबर फुगून चिरते आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. आपण म्हणता तशी वापरलेली गाडी त्या पैशांत नक्की आली असती. निम्म्याहून अधिक रक्कम पत्राकाम आणि मजुरी यांवर गेली, आपण नावे ठेवलेल्या विजेच्या बदलांवर तुलनेने किरकोळ. नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्कही २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजारांवर गेले. हा व्यवहार फायद्याचा आहे असे मी कधीच म्हटले नव्हते. सुटे भाग अजून कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर आणि आपल्या नाना पेठेत शोधले तर सापडतात, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्यापासून भावही वाढले आहेत आणि दुकानदारांची उत्सुकताही ओसरली आहे.

आता आपल्या वडिलांच्या गाडीविषयी. बॅटरी जोडून ती लगेच सुरू करून पाहू नका. आधी टाकी रिकामी करून आत गंज आहे का ते पाहावे आणि जुने पेट्रोल पूर्ण काढावे. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि मग क्रँक पुलीला (इंजिनाच्या पुढच्या टोकावरच्या चाकाला) पाना लावून इंजिन हाताने फिरते का ते तपासावे. अडले तर जोर लावू नये. इंजिन ऑइल बदलल्यावरच सेल्फ मारावा. गाडी जागची हलवण्यापूर्वी ब्रेकचे सगळे रबर बदललेले असावे, पेडल बरे लागत असले तरी. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचावा. त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. आणि या सगळ्याआधी आरसी बुकावरची नोंदणीची मुदत पाहा, कारण मुदत संपली असेल तर गाडी तपासणीसाठी आरटीओत न्यावी लागेल, आणि आपल्या घरापासून तिथपर्यंत ती टोइंग करूनच नेणे बरे.