रसभंग कशाने होतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. विज्ञानपटाच्या खेळाला जोडून त्यातल्या तंत्रज्ञानावर तज्ज्ञाचं व्याख्यान ठेवावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही त्यावर तीन आक्षेप घेतलेत: चित्रपट मनात रेंगाळत असताना भाषण सुरू झालं की रसभंग होतो, तज्ज्ञ मंडळी चुकांचा कीस पाडत बसतात, आणि ज्याला विज्ञान समजून घ्यायचंय तो थेट व्याख्यानालाच जाईल, त्याला चित्रपटाचं आमिष कशाला?

पहिले दोन आक्षेप मी अनुभवलेत. एकदा अंतराळातल्या अपघातावरचा 'ग्रॅव्हिटी' (2013) हा चित्रपट संपला, दिवे लागले आणि वक्ते चुकांची यादी घेऊनच उभे राहिले. नायिकेचे केस तरंगायला हवे होते, दोन अंतराळवीरांना जोडणारा दोर तसा ताणलेला राहिलाच नसता, असं पाऊण तास चाललं होतं. एकही विधान चूक नव्हतं. तरी लोक उठून जात होते, आणि जाणाऱ्यांचं मला काही चुकलंय असं वाटलं नाही.

पण हाच चित्रपट मी दुसऱ्यांदाही अशाच कार्यक्रमात पाहिला. तिथे बोलायला उपग्रहांच्या कक्षांवर काम करणाऱ्या एक अभियंता होत्या. त्यांनी सगळ्या चुकांमधली एकच निवडली. चित्रपटात फुटलेल्या उपग्रहांचा ढिगारा आधी हबल या अंतराळ दुर्बिणीजवळच्या यानावर आणि पुढे अंतराळ स्थानकावरही आदळतो. यान निकामी झाल्यावर अंतराळवीर हबलपासून स्थानकापर्यंत पाठीवरच्या जेटपॅकच्या जोरावर जातात. बाईंनी एका फुटबॉलवर तारेची दोन कडी चढवली. हबलची कक्षा सुमारे 540 किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी 28.5 अंशांत, स्थानकाची सुमारे 400 किलोमीटरवर, 51.6 अंशांत. त्या म्हणाल्या, उंचीतला फरक भरून काढणं त्यामानाने सोपं, अवघड आहे ते वळणं. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावणाऱ्या वस्तूला 23 अंश वळवायचं, तर वेगात सेकंदाला जवळपास 3 किलोमीटरचा बदल करावा लागतो. नासाने 1984 मध्ये वापरलेल्या जेटपॅकने वेगात एकूण बदल करता यायचा तो सेकंदाला 25 मीटरच्या आसपास.

एवढ्यात मागच्या रांगेतून एका शाळकरी मुलीने विचारलं, "मग ढिगारा कसा पोचला? त्याला कुठे जेटपॅक होता?"

सभागृह एकदम गप्प झालं. बाईंनी दोन्ही कडी जिथे एकमेकांना छेदतात तिथे बोट ठेवलं. "तुला स्थानकावर उतरायचंय, म्हणून तुला वळावं लागतं," त्या म्हणाल्या. "आदळायला नुसतं आडवं येणं पुरतं."

पुढचा अर्धा तास या एका वाक्याचाच होता. फेब्रुवारी 2009 मध्ये सायबेरियाच्या वर सुमारे 790 किलोमीटरवर इरिडियम 33 हा चालू उपग्रह आणि कॉसमॉस 2251 हा निकामी झालेला उपग्रह असेच जवळपास काटकोनात एकमेकांवर आदळले. एका टकरीचे तुकडे पुढच्या टकरी घडवतील, ही शक्यता डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पाले यांनी 1978 मध्येच मांडली होती. चित्रपटात सगळं सुरू होतं ते रशियाने आपलाच उपग्रह क्षेपणास्त्राने फोडल्यामुळे. नोव्हेंबर 2021 मध्ये रशियाने खरोखरच आपला एक जुना उपग्रह फोडला, माग काढता येतील असे दीड हजार तुकडे झाले आणि स्थानकातल्या अंतराळवीरांना खबरदारी म्हणून परतीच्या यानांत जाऊन बसावं लागलं.

आता सांगा, रस भंगला कुठे? चूक दोन्ही वक्त्यांनी दाखवली. पहिल्यांनी ती दाखवून चित्रपट मोडीत काढला. बाई मात्र तिथून चित्रपटाच्या खऱ्या भीतीपर्यंत पोचल्या.

तिसरा आक्षेप मला अजिबात मान्य नाही, कारण त्यात प्रश्न आधीपासून मनात असतो असं गृहीत धरलंय. बहुतेक वेळा तो नसतोच. जाणकारांच्याही मनात नसतो! विलिस वेअर या संगणकतज्ज्ञांनी 1967 मध्येच एका निबंधात इशारा दिला होता, की एकाच संगणकाला दुरून बरेच जण जोडले गेले की त्यातली माहिती सुरक्षित ठेवणं कठीण होईल. निबंध छापला गेला, तज्ज्ञांनी वाचलाही. पुढे 'वॉरगेम्स' (1983) लिहिणाऱ्या दोघांनी पटकथेसाठी वेअर यांनाच गाठलं होतं. त्यात एक शाळकरी मुलगा घरबसल्या लष्कराच्या संगणकात शिरतो आणि अणुयुद्धाची वेळ येते. प्रदर्शनाच्या सुमारास अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी तो पाहिला आणि सेनादलांच्या प्रमुखांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? त्यांनी चौकशी करून कळवलं, की परिस्थिती वाटते त्याहून वाईट आहे. सप्टेंबर 1984 मध्ये संगणक सुरक्षेबद्दलचा अध्यक्षीय आदेश निघाला. उत्तर सोळा वर्षांपासून तयार होतं, विचारणारा चित्रपटामुळे भेटला. याला आमिष म्हणायचं?

आणि हा प्रयोग काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेत ब्रुकलाइनच्या कूलिज कॉर्नर थिएटरने 2005 मध्ये 'सायन्स ऑन स्क्रीन' हा चित्रपट आणि व्याख्यान जोडणारा उपक्रम सुरू केला, पुढे स्लोन फाउंडेशन या अनुदान देणाऱ्या संस्थेच्या मदतीने तो इतर चित्रपटगृहांतही पोचला. वक्ता तिथेही लागतोच, पण चित्रपट पाहायला बसलेल्या माणसाशी बोलता येणारा.

तुम्ही न मांडलेला एक आक्षेप मात्र मला खरोखर छळतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवरचे चित्रपट बहुतेक करून यंत्राच्या बंडावर असतात. साहजिकच सगळे प्रश्न 'यंत्र शुद्धीवर आलं तर?' याच वळणाने जातात, आणि कर्जाचा किंवा नोकरीचा अर्ज यंत्राने का नाकारला, हे विचारायचं राहून जातं. इथे चित्रपट वाट दाखवत नाही, चुकवतो. त्यात वक्ता एखाद्या कंपनीचा असला तर व्याख्यानाची जाहिरात व्हायला वेळ लागत नाही. अशा विषयाला चित्रपट निवडतानाच वक्त्याला विचारायला हवं, की तुम्हाला लोकांनी कोणता प्रश्न विचारलेला आवडेल? मागच्या लेखात मी हे लिहायला हवं होतं.

रसभंगावर तुम्हीच एक उपाय सुचवलाय: श्रेयनामावली शेवटपर्यंत चालू द्यायची, दिवे मंद ठेवायचे आणि दहा मिनिटं कोणीही माईक हातात घ्यायचा नाही. पुढच्या खेळाला हे करून बघायचं ठरवलंय. वक्त्यांशी बोललो, ते तयार आहेत. त्या दहा मिनिटांत श्रोत्यांना कोरे कागद वाटावेत असं त्यांनी सुचवलंय, म्हणजे ज्यांना उभं राहून विचारायला संकोच वाटतो तेही लिहितील. तुम्ही आलात तर पहिला कागद तुमचा.